माळ ओसाड नाही, आपण चुकीच्या महिन्यात मोजला

मंडळी, आधी माझी चूक कबूल करतो. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडं लावायची मोहीम सुरू होती. आमच्या माणदेशातल्या माळांवरही खड्डे पाडून गिरिपुष्पाची रोपं लावली गेली आणि मी बातमी दिली, 'ओसाड माळ हिरवागार होणार'. 'ओसाड' हा शब्द माझाच. माळावर मुळात काय उगवतं, हे मी कधी वाकून बघितलंच नव्हतं.

यंदा ऑगस्टमध्ये वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांबरोबर तसल्याच माळावर गेलो. त्यांनी दोरीनं एक मीटरचा चौकोन आखला आणि गुडघ्यावर बसून एकेक रोप मोजायला घेतलं. मला वाटलं, दोन-चार जाती निघतील. दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतंच किती तऱ्हांची. आणि दगडाच्या आडोशाला कंदीलपुष्पाचं एक नाजूक रोप.

मेंढरं घेऊन आलेले एक आबा हसले. म्हणाले, "खरपुडी हाय ती. ल्हानपणी कंद उकरून खायचो आमी. पन उन्हाळ्यात आला असता तर काय बी दिसलं नसतं."

खरी मेख इथंच आहे. यातल्या कितीतरी वनस्पती वर्षाचे बरेच महिने कंद, मुळं नाहीतर बी होऊन जमिनीत पडून असतात. पाऊस झाला की काही आठवडे वर येतात, फुलतात आणि गायब. आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय द्वीपकल्पातल्या माळरानांवर वाढणाऱ्या आणि जगात दुसरीकडे कुठंच न सापडणाऱ्या २०६ वनस्पतींची त्यात नोंद आहे. त्यातल्या बऱ्याचशा शास्त्राला कळल्या त्या गेल्या वीसेक वर्षांत.

आता गावच्या कागदाकडे या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, पुढं दरमहा १० लाखांचा दंड. झाली धावपळ! आमच्या भागातल्या एका गावाची नोंदवही मी चाळली. त्यात हिरडा आणि ऐन आहेत, जे घाटमाथ्यावर वाढतात. गावात शिरताना दोन्ही बाजूंना पिवळाधमक फुललेला तरवड मात्र नाही. माळ वाळून गेल्यावर, थंडीत, टेबलावर बसून भरलेली वही दुसरं काय सांगणार?

यानं काय बिघडतं? सातबाऱ्यावर ही जमीन एकतर गायरान, नाहीतर पोटखराबा. आता गायरानांवर सौर प्रकल्प येताहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे, माझा विरोध नाही. पण सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे प्रकल्पाआधी तिथं काय उगवतं हे मोजायची सक्ती नाही. मग गावाच्या हातात उरते ती ही नोंदवही. तीच खोटी असेल, तर कुठला माळ द्यायचा आणि कुठला राखायचा, हे ठरवणार कशावर?

म्हणून ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. एक, माळाची नोंद जुलै ते ऑक्टोबरमध्येच, निदान दोन फेऱ्यांत व्हावी. दोन, मेंढपाळ आणि रानभाज्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायांना सोबत घ्यावं, तेही रोजगार देऊन. शास्त्रीय नावं लावायला जवळच्या कॉलेजची मुलं आहेतच. तीन, गायरान देण्याचा ठराव करण्याआधी ही वही सभेत मोठ्यानं वाचावी.

पुढच्या पावसात मी पुन्हा जाणार आहे, आबांनाच घेऊन. तोवर तुम्ही ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागा आणि मला कळवा, तुमच्या माळावरचं काय काय त्यात आहे ते.