पोटातील व्रण आणि रांजणातील पाणी

आपल्या म्हसवडमध्ये पाण्याचा विषय निघाला, की तो ‘किती आले’ आणि ‘पुन्हा कधी येणार’ येथेच थांबतो. माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे पाहणाऱ्यांचे हे स्वाभाविकच आहे. परंतु पाणी दुर्मिळ, म्हणून ते अनेक दिवस साठवावे लागते. आणि त्या साठवणीचा पोटातील व्रणाशी, म्हणजेच अल्सरशी, संबंध असू शकतो.

पूर्वी अल्सरचे खापर तिखट, जागरण आणि चिंता यांच्यावर फोडले जाई. मीही अनेक वर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन रुग्णांना घरी पाठवले आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मात्र त्यामागचा जंतू दाखवून दिला : हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू आपल्याभोवती अमोनिया निर्माण करून जठरातील आम्लातही तग धरतो. विष्ठा, उलटी आणि लाळ यांतून तो पसरतो. बहुधा बालपणीच, घरातील माणसांकडून त्याची लागण होते. सांडपाणी मिसळलेले पाणी हाही त्याचा एक मार्ग मानला जातो. पेरू देशातील लिमा शहरातील मुलांच्या १९९१ च्या अभ्यासात लागण आणि पाण्याचा स्रोत यांचा संबंध आढळला होता. पाण्यात हा जंतू आपला वळणदार आकार सोडून गोलाकार होतो. मग प्रयोगशाळेत त्याची वाढ करणे अवघड होते. टाकीच्या आतील बुळबुळीत थरात त्याला क्लोरीनपासूनही आसरा मिळतो.

म्हणून रांजण व टाकी रिकामी होताच घासून धुवावी. पाण्यात हात बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. टँकरचे पाणी खळखळून उकळून प्यावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. नातवंडाला घास चावून भरवण्यात माया आहे, तसाच धोकाही आहे.

ज्येष्ठांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. उतारवयात अल्सर दुखेलच असे नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन चालू असेल आणि हा जंतूही पोटात असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा भोवळ येणे, अशी लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘लोहाच्या गोळ्यांमुळे काळी झाली असेल’ असे परस्पर ठरवू नये. ॲस्पिरिनही आपल्या मनाने बंद करू नये.

श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने हा जंतू ओळखता येतो. उपचार साधारण चौदा दिवसांचे असतात. बरे वाटले म्हणून ते अर्धवट सोडू नयेत. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करावी.

पावसावर आपली सत्ता नाही. घरातील रांजणावर मात्र आहे.