दोष ड्रायव्हरच्या पायाचा की न दिलेल्या माहितीचा?



ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल हल्ली दोनच मते कानावर येतात. विकणारे म्हणतात, काही करावे लागत नाही, नुसती चालवा. ज्यांचा गिअरबॉक्स गेला ते म्हणतात, या वाटेला जाऊच नका. साताऱ्यात हायवेलगत गॅरेज चालवताना या गाड्या माझ्या हाताखालून जातात आणि मला दोन्ही मते अमान्य आहेत. गिअरबॉक्स उत्तम आहे. पण तो कसा टिकवायचा हे गाडी ताब्यात देताना कोणी सांगत नाही, आणि बिघडला की चालवणाऱ्याच्या पायाला दोष दिला जातो. माझा आक्षेप यावर आहे.

यात एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर बदललेला जाणवतही नाही. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये हा गिअरबॉक्स आणला तेव्हा त्याचे क्लच तेलात बुडालेले होते. २००८ मध्ये त्याच कंपनीचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा प्रकार आला. आपल्याकडच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच होता. टाटा अल्ट्रोझ डीसीएमध्ये मात्र तेलातला क्लच आहे. आपल्या गाडीत यांपैकी कोणता, हे सांगू शकणारे मालक मला फार थोडे भेटतात. आयुष्य आणि देखभाल तर त्यावरच ठरते.

कोरड्या क्लचचा शत्रू म्हणजे उष्णता. ब्रेकवरचा पाय उचलला की ऑटोमॅटिक गाडी हळूहळू सरकू लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे काम तेल करते; इथे क्लचप्लेट घासत राहते. सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात ट्रकमागे रांग लागली की अनेक जण ब्रेक न दाबता, थोडी रेस देऊन गाडी चढावर धरून ठेवतात. मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर उभी करावी तसाच हा प्रकार. क्लचचे पेडलच नसल्यामुळे आपण प्लेट जाळतो आहोत हे जळका वास येईपर्यंत कळत नाही.

उपाय साधे आहेत. थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा, म्हणजे क्लच सुटतो. ऑटो होल्ड असेल तर वापरावा. कोंडीत वीतवीत सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग गाडी एकदम पुढे न्यावी. मागचा हॉर्न वाजवत असला तरी. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर सुरक्षित जागी थांबून, पी मध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून तो थंड होऊ द्यावा. इतके पाळणाऱ्यांचे क्लच मी लाख किलोमीटरच्या पुढे गेलेले पाहिले आहेत. शहरी कोंडीत रोज सरकणाऱ्या गाडीचे निम्म्या अंतरात संपलेलेही पाहिले आहेत. त्यामुळे ‘किती टिकतो?’ याला एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तेलातला क्लच उष्णता जास्त सोसतो, पण त्याचे तेल वेळेवर बदलावे लागते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या प्रकारात दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचे असते. सेकंडहँड गाडी घेताना या कामाचे बिल आवर्जून मागावे. ठरवून दिलेल्या तेलाऐवजी दुसरे स्वस्त तेल भरून पैसे वाचत नाहीत.

सगळा दोष चालवणाऱ्याचा, असे म्हणणाऱ्यांनी जगातली उदाहरणे पाहावीत. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये या गिअरबॉक्सच्या तब्बल ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी उष्ण-दमट हवेत विजेच्या भागात बिघाड होऊ नये म्हणून अनेक देशांत कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरून दिले गेले. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनी गाडी थरथरण्याचे खापर ग्राहकांच्या चालवण्यावर फोडत होती. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले आणि २०१८ मध्ये कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्या गाड्यांमध्ये इकोस्पोर्टही होती, जी आपल्याकडेही ड्युअल क्लचसह विकली गेली.

चालवण्याच्या पद्धतीने क्लचचे आयुष्य बदलते हे खरेच आहे, आणि कंपन्यांना ते पक्के ठाऊक आहे. मग गाडी देतानाच एका पानावर, मराठीत लिहून द्या: क्लच कोरडा की तेलातला, तेल कधी बदलायचे, चढावर आणि कोंडीत काय टाळायचे, क्लचप्लेट वॉरंटीत धरली आहे की नाही. त्यावर ग्राहकाची सही घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. हे पान हातात पडेपर्यंत ग्राहकांनी डिलिव्हरीच्या कागदांवर सही करू नये, आणि ते न देणाऱ्या शोरूमने पुढे ‘तुम्ही नीट चालवली नाही’ असे म्हणून वॉरंटी नाकारली, तर थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

— एक गॅरेजचालक, सातारा