मचान कुणाचं, उटणं कुणाचं?

पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर एका दोस्तानं जाहिरातीचा रंगीत कागद माझ्या हातात कोंबला. जंगलात झाडावरचं घर. खाली झरा, वर गादी. दिवसा अंगाला चॉकलेटचा लेप, कॉफीचं उटणं, दुधात डुंबायचं, मधानं मालिश. एका रात्रीचं भाडं माझ्या महिन्याच्या कमाईला भिडणारं. दोस्त म्हणाला, ''कवी, लिही यावर.''

लिहितो.

दोस्तहो, माझं गाव कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठावरचं, तिवसा तालुक्यातलं. जग त्याला रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतं. मी ओळखतो आजाच्या मचानावरून. आजा सालदार. मालकाच्या ज्वारीत चार बल्ल्या रोवून वर मचान बांधलेलं, त्यावर रात्रभर जागल. हाताशी गोफण, उशाला कंदील, खाली रानडुकरं आणि रोही. थंडीनं पाय लाकूड व्हायचे. मालक पाहुणे घेऊन हुरड्याला आला की आजा निखारे फुंकायचा, कणसं भाजून चोळून द्यायचा. स्वतः घरची भाकर खायचा, तीही बाजूला बसून. त्या मचानाला तेव्हा कुणी निसर्गाची कुशी म्हटलं नाही. ती जागलीची जागा होती, आणि जागल आमच्याच वाट्याला होती.

आता अंगाला लावायच्या अन्नाचं. ते तर मी रोजच लावतो. गोदामात पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन कंटेनर भरतो. हळदीचा माल असला की घामात हळद भिनते. मिरचीचा असला की डोळे, मान, काखा रात्रभर पेटतात. साखरेचा असला की अंगाला मुंग्या लागतात. कंत्राटदारानं हात धुवायला नळसुद्धा ठेवलेला नाही. हाही अन्नाचा लेपच की! फक्त त्याचं बिल आमच्या कातडीवर फाटतं.

आजीला फोनवर हा कागद वाचून दाखवला. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''काहून रे बाप्पा, लोकाच्या पोटाले नाही अन् हे आंगाले लावतेत?''

आजीचा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात उभा आहे. कौंडण्यपूर सखल, कपाशीचं. त्याच अमरावती जिल्ह्याच्या वरच्या अंगाला मेळघाट. तिथल्या चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफी पिकते. त्याच मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली देशभर गाजले. कोरकूंची पोरं कुपोषणानं गेली. मग समित्या आल्या, याचिका आल्या, मंत्र्यांच्या गाड्या आल्या. कुपोषण अजून गेलेलं नाही. १९७३-७४ साली तिथं व्याघ्रप्रकल्प झाला. पुढं बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठवून अकोटच्या बाजूला खाली आणली. नंतर आणखी गावं उठली. पुनर्वसनाला विटलेली माणसं २०१९ च्या जानेवारीत परत जंगलात शिरली, तेव्हा त्यांची वनखात्याशी आणि पोलिसांशी चकमक झडली. ज्याचं जंगल त्याला जंगलात राहायला बंदी, आणि पाहुण्याला गादीसकट परवानगी. हा कुठला निसर्ग?

हे फक्त इथलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हर्शी नावाचं चॉकलेटवाल्यांचं गाव आहे. तिथल्या १९३३ सालच्या हॉटेलात २००१ पासून कोकोचे लेप लावून मिळतात. जपानात हाकोने इथं कॉफीच्या आणि दारूच्या कुंडात लोक अंघोळ करतात. जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकतो आयव्हरी कोस्ट आणि घानात. तिथल्या मळ्यांत कोवळी पोरंही कोयते घेऊन राबतात. त्यांच्या अंगाला चॉकलेट कोण लावणार?

कुणी म्हणेल, हा पोऱ्या जळतो. हो, जळतो! पण मालिशवर माझा राग नाही. माझ्या आजाच्या पाठीला कुणी कोमट तेल चोळलं असतं तर तो चार वर्षं जास्त जगला असता. विश्रांती हा राबणाऱ्याचा हक्क आहे. बाबासाहेब मजूरखातं सांभाळत होते तेव्हा त्यांनीच कारखान्यातल्या कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारं विधेयक मांडलं, आणि १९४६ साली तो कायदा झाला. आम्हा कंत्राटी हमालांच्या पाळीला आजही घड्याळ नाही. ज्याची पाठ मोडते त्याला आराम नाही, आणि ज्याची मोडत नाही त्याच्या पाठीला मध. माझं भांडण या वाटणीशी आहे.

ही वाटणी बदलता येते. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावानं सामूहिक हक्क मिळवला, उजाड रान राखलं, तिथली सीताफळं स्वतः विकली. २०१४ साली त्याला जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. उद्या अशा गावाच्या ग्रामसभेनं झाडावर घर बांधलं, भाडं गावानं ठरवलं आणि पैसा गावाच्या पेटीत पडला, तर मी स्वतः शिडी धरायला जाईन.

तोवर हा रंगीत कागद मी घडी करून खिशात ठेवतोय. कंत्राटदाराकडं नळ मागायला आम्ही पोरं जाणार आहोत. तेव्हा तो त्याच्या टेबलावर उलगडून ठेवीन. म्हणेन, साहेब, दूध-मध राहू द्या. हळद धुवायला पाणी द्या आधी.