पोटातला गोळा काय सांगतो?

व्हायवाच्या दिवशी लॅबच्या बाहेर रांगेत उभे असताना आपण काय बोलतो ते आठवा. "यार, पोटात गोळा आलाय." "माझे तर हातपायच गळाले." "घशाला कोरड पडली रे." पण 'मला भीती वाटते' असं सरळ कोणीही म्हणत नाही! रागाने आपले हात शिवशिवतात, दुःखाने ऊर भरून येतो आणि कौतुक झालं की अंगावर मूठभर मांस चढतं. भावना आधी शरीरात उमटते, हे आपल्या मराठीला केव्हापासून ठाऊक आहे. विसरलोय ते आपण.

माझं स्पष्ट मत आहे की होस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपलं शरीर काय सांगतंय ते ऐकायला शिकलं पाहिजे. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. मला ते उशिरा कळलं, म्हणून लिहितोय.

मी सिहोऱ्याचा. भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं धानाच्या बांध्यांचं गाव. तिसऱ्या सेमिस्टरचे पेपर सुरू असताना माझी आजी गेली. घरच्यांनी मला कळवलं नाही. "परीक्षा होऊ दे, मग सांगू," असं ठरलं. शेवटचा पेपर देऊन तुमसर रोडला उतरलो, एस.टी.ने गावी पोचलो, तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. घरातले सगळे रडून मोकळे झाले होते. मी तेरवीची कामं केली, पंगतीत वाढलं आणि होस्टेलला परत आलो. डोळ्यांतून एक थेंब आला नाही. मित्रांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही रे, ठीक आहे."

पण शरीर ठीक नव्हतं. रूम पार्टनर म्हणायचा की तू झोपेत दात खातोस. सकाळी जबडा दुखायचा. मेसचं ताट समोर आलं की पोट आवळून यायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल निघालं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिलो. गाडीचा ऑइलचा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावणाऱ्याला आपण इंजिनीअर म्हणू का? मी मात्र सात महिने तेच करत होतो.

जुलैमध्ये रोवणीसाठी घरी गेलो. बांधीतल्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतले. आजीबरोबर लहानपणी मी तिथेच रोवणी शिकलो होतो. अचानक लक्षात आलं की आपला घसा घट्ट आवळलाय, श्वास छातीच्या वरच अडकलाय. पहिल्यांदाच मी त्याकडे पाठ फिरवली नाही. तसाच उभा राहिलो. आई म्हणाली, "का झालं रे बाबू?" आणि मी ढसाढसा रडलो. दुःख सात महिने शरीरात बसून होतं, मी विचारायला जाण्याची वाट बघत.

ही काही माझ्या एकट्याची कहाणी नाही. २०१३ साली फिनलंडच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ७०० लोकांना माणसाच्या आकृत्या दिल्या आणि कोणत्या भावनेत अंगाचा कोणता भाग जागा होतो, कोणता मंदावतो, ते रंगवायला सांगितलं. रागात छाती, डोकं आणि हात पेटलेले. उदासीत हातपाय मंदावलेले. म्हणजे 'हात शिवशिवणे' आणि 'हातपाय गळणे' हेच ना! विशेष म्हणजे युरोपातल्या आणि तैवानच्या लोकांचे नकाशे बरेचसे सारखे निघाले.

आपल्या महाराष्ट्रात तर यावर फार आधीपासून काम झालंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजून पाहिले. इगतपुरीला १९७६ मध्ये सत्यनारायण गोयंकांचं विपश्यना केंद्र उभं राहिलं. गोयंका स्वतः मायग्रेनने हैराण होऊन ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना. त्या हव्यात-नकोत न म्हणता फक्त पाहायच्या. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांना जे 'बॉडी स्कॅन' शिकवायला सुरुवात केली, त्याची मुळंही याच परंपरेत आहेत.

आपल्याला लगेच इगतपुरी गाठायची गरज नाही. दहा दिवसांचं मौन प्रत्येकाला झेपेलच असंही नाही. दिवे बंद झाल्यावर कॉटवर पडून दहा मिनिटं द्या. तळपायापासून सुरू करा. पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती, खांदे, जबडा, कपाळ. प्रत्येक ठिकाणी फक्त विचारा, इथे ताठ आहे की सैल? गरम की गार? बदलायला जाऊ नका. छातीची धडधड ऐकून भीती वाढत असेल तर लक्ष परत तळपायांवर आणा. आणि शेवटी एकच प्रश्न, हे कशाबद्दल आहे? उत्तर रोज मिळत नाही. पण 'मला राग आलाय', 'मला घरची आठवण येतेय' एवढं जरी स्वतःशी कबूल केलं, तरी गाठ थोडी सैल होते. मला तरी हाच अनुभव आला.

काही मित्र म्हणतील, हे सगळे रिकामटेकड्यांचे धंदे. सबमिशन कोण करणार? अरे, आवळलेल्या पोटाने रात्रभर त्याच पानावर बसण्यापेक्षा दहा मिनिटं स्वस्तच पडतात. दुसऱ्या टोकाची चूकही करू नका. प्रत्येक दुखणं मनाचं नसतं. छातीत दुखलं, वजन उतरलं तर आधी डॉक्टर गाठायचा. आणि झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर एकट्याने शरीर न्याहाळत बसू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

रेक्टर सर, मॅडम आणि घरच्या मंडळींनाही एक विनंती. परीक्षेसाठी दुःखाची बातमी लपवू नका. पेपर पुढच्या सेमिस्टरला देता येतो, निरोप देता येत नाही.

आणि मित्रांनो, आज रात्री रूम पार्टनर "काही नाही रे, ठीक आहे" म्हणाला, तर एकदा त्याच्या आवळलेल्या जबड्याकडे बघा. मग लाइट बंद करण्याआधी पुन्हा एकदा विचारा.