नाक्यावरची झडती, विमानतळावरची झडती

आपल्याकडे ‘झडती’ हा शब्द चोरासाठी आणि ‘तपासणी’ हा शब्द सभ्य माणसासाठी राखून ठेवलेला दिसतो. विमानतळावर होते ती सुरक्षा तपासणी. नदीच्या पुलाजवळ एस. टी. थांबवून होते ती झडती. दोन्ही ठिकाणी सामान उघडून पाहतात, अंगाला हात लावतात, कुठून आलात, कुठे चाललात म्हणून विचारतात. मग शब्द दोन का? गेले काही महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. त्यावर माझे जे मत झाले, ते वार्षिकांकाच्या निमित्ताने मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे. पटले नाही तर वादाला मी तयार आहे. कॅन्टीनचा चहा मात्र हरणाऱ्याने पाजावा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला तपासणी नवी नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून नियमित प्रवासी विमान उडत नसेल, पण तपासणी नाके मात्र भरपूर. आलापल्लीचे सागवान रातोरात ट्रकमध्ये भरून जाऊ नये म्हणून वनखात्याचा नाका. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे म्हणून दारूसाठी नाका. नक्षलवाद्यांमुळे नाकाबंदी. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ च्या एप्रिलपासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. त्यामुळे वैनगंगेच्या अलीकडे जी बाटली दुकानात उघड मिळते, तीच पूल ओलांडला की गुन्हा ठरते. पुलाजवळ पिशव्या चाचपल्या जाणार हे त्यातून ओघानेच आले.

या नाक्यांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गडचिरोलीची दारूबंदी कोणा साहेबाच्या लहरीने आलेली नाही. त्यामागे गावोगावच्या बायांची चळवळ आहे. तपासणाऱ्या जवानाच्या मनात काय असते, तेही विसरता येत नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला सुरुंग फुटून पंधरा पोलीस आणि एक वाहनचालक मारले गेले. त्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहिले, तर त्याला दोष कोण देईल? नाका असावा की नसावा हा माझा मुद्दाच नाही. नाक्यावर कोणाचे गाठोडे उघडले जाते, एवढेच मला विचारायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शिबिरासाठी आम्ही सहा मुली आणि एक प्राध्यापिका नागपूरहून दिल्लीला विमानाने गेलो. आमच्यापैकी पाचजणींचा तो पहिलाच विमानप्रवास. सोनेगावच्या विमानतळावर आत शिरताना छातीत धडधड होती, कारण नाक्याची सवय असलेल्या माणसाला गणवेश दिसला की आधी आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. माझ्यापुढे एक सुटाबुटातले गृहस्थ होते. त्यांना पट्टा काढायला सांगितले. एका हाताने विजार सावरीत, दुसऱ्या हातात घड्याळ, पाकीट आणि मोबाईल घेऊन ते गृहस्थ ट्रेच्या मागे मागे चालले होते. आमची मीना फिस्सकन हसली. त्यांच्यानंतर आमच्या पिशव्या गेल्या. माझ्या पिशवीतला डबा यंत्राला खटकला. गणवेशातल्या बाईंनी डबा उघडायला लावला, वास घेतला. “जवसाची चटणी,” मी म्हटले. “अच्छा, अलसी!” म्हणून त्यांनी स्वतःच झाकण घट्ट लावून डबा परत केला. अंगाची तपासणी पडद्याआड, आणि तीही बाईनेच केली. अर्ध्या मिनिटात मी बाहेर.

मला त्या क्षणी अपमान वाटला नाही. का वाटला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. जे माझे झाले तेच सुटातल्या गृहस्थांचे झाले होते, हे त्याचे साधे उत्तर. त्या यंत्राच्या पडद्यावर धातू निळसर दिसतो आणि कपडे, कागद, अन्न हे सारे नारिंगी. जवसाची चटणी नारिंगी, काजू-बदाम नारिंगी आणि मोहाची फुलेही नारिंगीच. यंत्राला जात नाही, गाव नाही, पातळ आणि सूट यांतला फरक कळत नाही.

ही शिस्त पहिल्यापासून अशी नव्हती. १९८५ च्या जूनमध्ये ‘कनिष्क’ विमानात बॉम्ब फुटून ३२९ माणसे समुद्रात गेली. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले. त्यानंतरच, २००० सालापासून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकेक विमानतळ सोपविला गेला. सुरुवात जयपूरपासून झाली. म्हणजे माणसे मेल्यावर नियम आले. पण आले, आणि ते सर्वांसाठी आले.

आता मोहफुलांकडे येते. त्याच वर्षी उन्हाळ्यात मी चंद्रपूरहून मूल-सावली मार्गे गडचिरोलीच्या बसने घरी चालले होते. एका नाक्यावर (कोणत्या ते सांगत नाही, कारण प्रश्न एका नाक्याचा नाही) बस थांबली. दोघे वर चढले. पुढच्या बाकांवर दोन सुटकेसवाले बसले होते, मधे आम्ही कॉलेजची मुले आमच्या फुगलेल्या बॅगा घेऊन. त्या दोघांची नजर आम्हां सर्वांवरून सरळ मागच्या बाकापर्यंत गेली. तिथे एक म्हातारी मावशी पायाशी चुमडी घेऊन बसली होती.

“काय आहे यात?”

“मोहफुलं हायेत जी. लेकीच्या घरी न्याचे हायेत.”

“उतर खाली.”

चुमडी रस्त्याच्या कडेला उलटी केली गेली. काठीने फुले पसरली. “याचं काय गाळता ते माहीत आहे आम्हाला,” असे एकजण म्हणाला. बाटली वगैरे काही निघाले नाही, निघणार नव्हतेच. मग “चल, भर” एवढे बोलून ते बाजूला झाले. मावशी मातीतून फुले वेचू लागली. तीही सारी नाही, कारण कंडक्टरने घंटी दिली. सगळे मिळून दहा मिनिटे. सुटकेसा शेवटपर्यंत बंदच राहिल्या. त्यांत काय होते ते ईश्वरालाच ठाऊक.

मोहाच्या फुलांची दारू गाळतात हे खरे. पण त्यांचे लाडू होतात, ती भाकरीत घालतात, बैलाला चारतात, अडीअडचणीला विकतात. उन्हाळ्यात पहाटे उठून झाडाखालून वेचलेली ती फुले म्हणजे जंगलाकाठच्या बाईचा स्वतःचा पैसा असतो. मोहफुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली बरेचसे सैल केले. ही बातमी त्या काठीपर्यंत बहुधा पोहोचली नव्हती.

त्या मावशीचा अपमान कशाने झाला? चुमडी उघडल्याने नव्हे. साऱ्या बसमधून तिचीच उघडली, म्हणून झाला. विमानतळावरच्या आणि नाक्यावरच्या झडतीत माझ्या मते हाच फरक आहे. विमानतळावर आधी तपासणी होते आणि मग संशय येतो. नाक्यावर आधी संशय येतो, तोही कपड्यांवरून, आणि मग तपासणी होते.

कोणी म्हणेल, विमानतळावर तरी कुठली समता? तिथे सूट असलेल्या पदांची यादीच असते! हा आक्षेप बरोबर आहे. माजी राष्ट्रपती त्या यादीत आहेत. तरीही २००९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या विमानतळावर डॉ. अब्दुल कलाम यांची एका अमेरिकन विमान कंपनीने झडती घेतली. जुलैत ही गोष्ट बाहेर आली तेव्हा राज्यसभेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. २०११ साली न्यूयॉर्कला पुन्हा तसेच घडले. या वेळी अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. स्वतः कलामसाहेबांनी मात्र तक्रार केली नव्हती. मला तर त्यांचे ते मुकाट्याने उभे राहणेच अधिक शोभून दिसते. राष्ट्रपती राहिलेल्या माणसाचे बूट काढल्यावर सभागृह पेटते, हे मी समजू शकते. पण चुमडी उलटी केल्यावर एखादी ग्रामपंचायतसुद्धा पेटत नाही, त्याचे काय?

सर्वांना एकच माप लावले की न्याय झाला, असेही मी म्हणणार नाही. नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या. विमानतळावर दर वेळी तो पाय काढून दाखवावा लागतो, हे किती दुखावणारे आहे ते त्यांनी २०२१ साली जाहीरपणे सांगितले आणि सुरक्षा दलाने माफी मागितली. म्हणजे सवलत हवीच, पण ती गरजेपोटी हवी. पदामुळे किंवा सुटकेसमुळे नव्हे. सुधाताईंचे म्हणणे ऐकले गेले ते त्या प्रसिद्ध होत्या म्हणूनही, हेही मनात येते. असो.

आता आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देते, कारण नाक्यापुढे मान खाली घालण्यावाचून इलाज नाही असे पुष्कळांना वाटते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखात्याच्या हाती. परवाना नसेल तर स्वतःच्या हक्काचा बांबूसुद्धा नाक्यावर चोरीचा ठरणार! देवाजी तोफा आणि गावकरी अडून बसले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१२ साली वनहक्काच्या नियमांतच तशी दुरुस्ती झाली. नाका हलला नाही, तपासणीही थांबली नाही. पण ट्रकमधला माणूस आता स्वतःच्या गावाच्या सहीचा कागद पुढे करतो. त्याच्याशी बोलण्याची भाषा आपोआप बदलते. ‘उतर खाली’चे ‘कागद दाखवा’ होते.

म्हणून मला वाटते, नाक्यांबद्दल नुसती कुरकुर न करता काही मागण्या लेखी कराव्यात. २०२५ च्या ऑक्टोबरात नक्षल्यांचा मोठा नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. वातावरण निवळते आहे, तेव्हा हे बोलायला आजच्यासारखी वेळ नाही. प्रत्येक नाक्यावर मराठीत आणि गोंडीत फलक असावा: येथे काय शोधतात, कोणत्या कायद्याने, आणि कोणती वस्तू नेण्यास मुळीच मनाई नाही. बस तपासायची तर सगळी तपासावी, पहिल्या बाकापासून. वेळ नसेल तर पाचवी किंवा दहावी बस धरावी, पण माणूस निवडू नये. स्त्रीची झडती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यावी असे कायद्याचे म्हणणे आहे. तेव्हा तिथे एखादी महिला शिपाई आणि एक पडदा असावा. आणि एक टेबल ठेवावे. फार खर्चाची गोष्ट नाही, शाळेतले जुने टेबलही चालेल. सामान त्यावर उघडावे, मातीत नव्हे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने हे निवेदन तयार करून जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावे, अशी माझी सूचना आहे. मसुदा मी लिहून ठेवला आहे; सह्या हव्या आहेत.