‘दोन वर्षांचाच प्रश्न आहे’ म्हणणाऱ्या आयांसाठी



मार्च-एप्रिल आला की मला एकाच प्रकारचे निरोप यायला लागतात. “ताई, ह्यांना जर्मनीची ऑफर आलीय. मुलगी दुसरीत आहे. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे. तिकडे इंटरनॅशनल शाळा कुठली चांगली?” सांगली, इचलकरंजी, बेळगाव, पुणे, गाव बदलतं, पण प्रश्नाचा एक शब्द बदलत नाही. शाळा इंग्रजी हवी हे आधीच ठरलेलं असतं. माझ्याकडून फक्त नाव हवं असतं.

मी बारा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळेत शिकली. तेव्हा एकेकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदाच सांगते. मूल नऊ-दहा वर्षांच्या आतलं असेल, तर त्याला घराजवळच्या सरकारी शाळेत घाला, जर्मन माध्यमात, आल्या आल्या. “आधी इंग्रजी शाळेत रुळू दे, मग बघू” हा सल्ला तुम्हाला चार जणी देतील. त्या चौघींशी माझं भांडण आहे.

आधी ‘दोन वर्षं’ ह्या शब्दांकडे बघू. तिथून निघताना हे आपण सासूबाईंना सांगतो, आईला सांगतो, स्वतःलाही सांगतो. त्यांना धीर वाटतो, आपल्यालाही वाटतो. त्यात काही वाईट नाही. पण त्या शब्दांवर मुलाची शाळा ठरवू नका. ब्ल्यू कार्डवर आलेल्या माणसाला जुजबी जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी, आणि बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. म्हणजे परत जायचं ठरलेलं असतं, नेमकं तेव्हाच राहण्याचं दार उघडतं. त्या दारातून मागे फिरलेली कुटुंबं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत.

आता शाळेचा हिशोब ऐका. इथली प्राथमिक शाळा, ग्रुंडशूले, बहुतेक राज्यांत चारच वर्षांची असते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा. चौथीत असतानाच शिक्षक शिफारस करतात की ह्या मुलाने पुढे गिम्नाझिउममध्ये जावं, रेआलशूलेमध्ये जावं की आणखी कुठे. विद्यापीठाकडे जाणारा सरळ रस्ता गिम्नाझिउमचा. ह्या शिफारशीत जर्मन आणि गणिताला वजन असतं, आणि गणिताची शाब्दिक उदाहरणंही जर्मनमध्येच असतात.

आता तुमची दुसरीतली मुलगी घ्या. तिला इंटरनॅशनल शाळेत घातलं. कंपनीने दोन वर्षं फी भरली. ही फी वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजार युरो असते, कुठे त्याहूनही जास्त, म्हणजे आपले पंधरा-वीस लाख रुपये. दोन वर्षांनी नवऱ्याचा करार इथल्या नेहमीच्या करारात बदलला आणि कंपनीने फी बंद केली. पगारातून ती भरणं अशक्य, परत जाण्याचं मन नाही. मग मुलीला सरकारी शाळेत आणायचं ठरतं. तोपर्यंत ती चौथीत पोचलेली असते. वर्गातल्या मुलांची जिथे छाननी चालू आहे तिथे ती “माझं नाव अमुक” एवढंच जर्मन घेऊन बसते. हुशार मुलगी, पण कागदावर दिसते कच्ची. मी हे डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, तीनदा. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी दुसरीत बसली असती, तर चौथीपर्यंत तिची भाषा इतरांच्या जवळ आली असती.

पुढे रस्ते बंद होतात असं नाही. रेआलशूलेतूनही चांगले गुण मिळवून पुढे विद्यापीठापर्यंत जाता येतं, आणि इथे हाताचं काम शिकलेल्या माणसालाही मान आहे. पण जो वळसा टाळता येत होता तो मुलाला का घ्यायला लावायचा?

“पण बिचारं मूल, भाषा येत नाही, एकटं पडेल!” हे तर प्रत्येकीच्या तोंडी. खरं आहे. पहिले काही महिने अवघड जातात. माझा मुलगा दुसरीत होता. दिवाळीपर्यंत शाळेत तो जवळजवळ बोललाच नाही. शिक्षिकेने मला बोलावून सांगितलं, “तो ऐकतोय. घाई करू नका. घरी तुमच्याच भाषेत बोला, पण नीट, भरपूर बोला.” भाषा न येणाऱ्या मुलांसाठी आमच्या राज्यात तयारीचे वेगळे वर्ग असतात. तिथे सीरियाची, युक्रेनची, रुमानियाची मुलं त्याच्यासारखीच चाचपडत होती. नाताळच्या सुट्टीनंतर तो बोलायला लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात माझे उच्चार सुधारायला लागला. सात वर्षांच्या मुलाचे चार-सहा महिन्यांचे कष्ट वाचवायचे आणि तेच कष्ट दहाव्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, दुप्पट करून त्याच्या गळ्यात घालायचे, ही कुठली माया?

काहीजणी ह्याहून पुढे जातात. “शाळाच नको. घरी बसून ऑनलाइन भारतीय अभ्यासक्रम करू, राष्ट्रीय मुक्त शाळेची परीक्षा देऊ.” मैत्रिणींनो, जर्मनीत शाळा ही सक्ती आहे आणि ती शाळेत जाऊनच पुरी करावी लागते. घरी शिकवणं हा त्याला पर्याय धरला जात नाही. आधी नोटीस येते, मग दंड. संध्याकाळी हौसेने गणित-मराठी करून घ्या, कोण नको म्हणतंय? पण शाळेच्या ऐवजी ते चालणार नाही. दुसऱ्या देशात चालतं म्हणून इथे चालेल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता आपल्या बायकांचा खरा घोर. खाणं. “सरकारी शाळेत मूल काय खाईल? बाटेल.” इंटरनॅशनल शाळा म्हटलं की आपल्याला वाटतं तिथे काहीतरी सोय असेल. जरा दिवसाचं वेळापत्रक मांडून बघा. आमच्या गावची ग्रुंडशूले सकाळी सुरू होते आणि बारा-एकच्या सुमारास सुटते. मधल्या सुट्टीसाठी डबा घरूनच न्यायचा. म्हणजे सकाळचा डबा माझ्या हातचा आणि दुपारचं जेवण माझ्या ओट्यावरचं. पूर्ण दिवसाच्या सरकारी शाळाही आहेत आणि त्या आता वाढतायत, पण तिथे विचारता येतं, निवडता येतं. इंटरनॅशनल शाळा बहुतेक दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालते. दुपारचं जेवण तिथेच, मग बसने तासभर प्रवास. डिसेंबरात श्टुटगार्टला साडेचारलाच सूर्य मावळतो. ज्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्या घरच्या मुलाने घरी येऊन काय खायचं? खाण्याच्या काळजीपोटी जिने लाखो रुपयांची शाळा घेतली, तिचंच मूल रात्रीचं जेवतं किंवा उपाशी झोपतं. आणि जे शाळेत नाक मुरडतात त्यांनी एकदा जर्मन मुलांचे डबे बघावेत. पाव, चीज, काकडी, सफरचंद आणि कच्च्या नवलकोलच्या फोडी. हो, गाजरंही असतात. आपण आपल्या डब्यात काकडी घालावी.

अडचण येते ती वाढदिवसाला. केकमध्ये अंडं असतं आणि त्या मऊ रंगीत गोळ्यांत, गमी बेअरमध्ये, जिलेटिन असतं. बहुतेकदा डुकराचं. म्हणून मी मुलांना जर्मनची पहिली दोन वाक्यं हीच शिकवली: “इस्ट दा आय द्रिन?” आणि “इस्ट दा झेलाटीने द्रिन?” ह्यात अंडं आहे का, ह्यात जिलेटिन आहे का. वर्गातली तुर्की मुलंही ते गोळे खात नव्हती, त्यामुळे शिक्षिकेला ह्यात नवल वाटलं नाही. मी खडीसाखरेचा आणि चिक्कीचा डबा शाळेत देऊन ठेवला होता. कुणाचा वाढदिवस आला की माझ्या मुलांना त्यातलं मिळायचं. थोड्या दिवसांनी बाकीची मुलंही चिक्की मागायला लागली. जे मूल सात वर्षांचं असताना परक्या भाषेत “मी हे खात नाही” असं शांतपणे सांगतं, त्याचा नियम त्याचा स्वतःचा होतो. आई दर वेळी बाजूला नसते. ख्रिस्ती धर्माचा तासही शाळेत असतो. पण मुलाने त्यात बसायचं की नाही हे आई-वडील ठरवतात. लेखी कळवलं की झालं.

मराठी जाईल ही भीतीही मला कळते. पण इंटरनॅशनल शाळेत मराठी शिकवतात का? तिथे मूल इंग्रजी बोलेल, आणि इंग्रजी आपल्या घरात आधीच अर्धी घुसलेली असल्यामुळे मराठीची जागा ती फार लवकर घेते. माझ्या मुलांना जर्मन शाळेची आणि मराठी घरची, असं साधं गणित होतं. इंग्रजी इथल्या शाळेतही शिकवतात. तिची काळजी सोडा.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही, कारण ती आपल्याबद्दलची आहे. नवऱ्याला ऑफिस असतं. मुलाला शाळा असते. आपल्याला काय असतं? घर लांबच्या शाळेच्या बसला बांधलेलं, खालच्या मजल्यावरच्या बाईशी ‘हालो’च्या पुढे बोलणं नाही, आणि दिवसभर फोनवर भारत. गावातल्या शाळेत मूल घातलं की तुम्ही फाटकाशी रोज उभ्या राहता. पालकसभेला जाता, निम्मं कळत नाही, तरी जाता. शाळेच्या जत्रेत केक मागतात, तुम्ही बिनअंड्याचा नेता, आणि कृती विचारायला चार आया येतात. माझं जर्मन त्या फाटकाशी सुरू झालं. आज मी इथे नोकरी करते. मूल दूरच्या शाळेत असतं तर हे इतक्या लवकर झालं नसतं.

आणि सरकारी शाळा म्हटल्यावर जी नाकं मुरडतात, त्यांना एक आठवण. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो. मग कारागिराच्या, शिक्षकाच्या, निर्वासिताच्या मुलाशेजारी आपलं मूल बसलं तर ‘आपल्या लेव्हलचं नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभतं का? इथे डॉक्टरचं मूलही त्याच बाकावर बसतं, आणि शाळेला फी नाही.

माझं म्हणणं सगळीकडे आणि सगळ्या वयांना लागू नाही. दुबईला किंवा मस्कतला जात असाल तर तिथल्या सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या आहेत, आणि सीबीएसईच्या शाळा भरपूर. तिथे भारतीय शाळाच बरी. मूल नववी-दहावीत असेल, तर जर्मनीतही त्याला एकदम जर्मनमध्ये लोटू नका. शक्य असेल तर दहावी तिकडेच पुरी करून या, नाहीतर ह्या वयाला इंग्रजी शाळेचा खर्च समजण्यासारखा आहे. अकरा ते तेरा वयाची मुलं मधे अडकतात. त्यांनाही मी इथल्याच शाळेत घालीन, पण निघण्याआधी सहा महिने जर्मनची शिकवणी लावून. आणि खरोखर परत जायचं असेल, तर आठवीच्या आत जा. दहावी किंवा बारावीच्या मधोमध भारतात प्रवेश मिळवताना फार धावपळ होते.

ज्या येताय त्यांनी एवढं करा. घर भाड्याने घेण्याआधी त्या पत्त्याला कुठली प्राथमिक शाळा लागते ते बघा, कारण बहुतेक ठिकाणी शाळा पत्त्यावरून ठरते. मुलाचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. मार्च २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा इथे शाळेत दाखवावा लागतो, आणि शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांना दोन डोस लागतात. जन्मदाखला आणि गुणपत्रकं भाषांतर करून आणा. पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात शाळेत जा, जर्मन येत नसेल तरी जा.

आणि पुढच्या वेळी मला निरोप पाठवाल तेव्हा इंटरनॅशनल शाळेचं नाव विचारू नका. तुमचा पत्ता पाठवा. त्याला कुठली शाळा लागते ते मी शोधून देईन.