कांगारूला कायद्यात जागा कोठे?

एप्रिल 2022 च्या आरंभी पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात, गजलडोबा परिसरात, चक्क कांगारू रस्त्याकडेला हिंडताना आढळले. तीन जिवंत सापडले, एक मेलेला. त्याआधी मार्चमध्ये शेजारच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात एका ट्रकमधून एक कांगारू पकडण्यात आला होता. म्यानमारमार्गे ईशान्य भारतातून येणाऱ्या तस्करीच्या वाटेकडे तेव्हा संशयाची सुई वळली. वृत्तवाहिन्यांची करमणूक झाली. परंतु असा प्राणी बाळगणारा कोणत्या कायद्याने दोषी ठरतो, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे लक्ष प्रारंभापासून देशी प्राण्यांवर होते. पोपट पिंजऱ्यात ठेवणारा गुन्हेगार, मकाव ठेवणारा मात्र हौशी, अशी विचित्र अवस्था त्यातून निर्माण झाली. जून 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली. सहा महिन्यांत माहिती देणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. काळा पैसा पांढरा करण्याच्या योजनांशी तिचे साम्य अनेकांना जाणवले, ते अकारण नव्हे.

पुढे 2022 च्या दुरुस्तीने कायद्याला नवे प्रकरण व नवी चौथी अनुसूची जोडली गेली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियमही आले. आता अनुसूचीतील प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवावे लागते. येथवर सारे ठीक. परंतु ही अनुसूची 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांवर बेतलेली आहे, आणि 2020 च्या योजनेची व्याप्तीही तेवढीच होती. या परिशिष्टांत वृक्ष-कांगारूंच्या काही जाती आणि कांगारूकुळातील काही दुर्मीळ छोटे प्राणी आहेत. सर्वपरिचित तांबडा कांगारू अथवा करडा कांगारू नाही.

याचे कारण सरळ आहे. साइट्स हा व्यापारामुळे संकटात येणाऱ्या जातींसाठीचा करार आहे. ऑस्ट्रेलियात मोठ्या कांगारूंची संख्या कोटींच्या घरात आहे. तेथे ठरावीक कोट्यानुसार मांस व कातड्यासाठी त्यांची शिकारही होते. जातीला धोका नाही म्हणून यादीत नाव नाही आणि यादीत नाव नाही म्हणून भारतात नोंदणीचे बंधन नाही. मात्र हैदराबादच्या किंवा पुण्याच्या एखाद्या फार्महाऊसच्या आवारात तब्बल 85 किलोपर्यंत वाढणारा, एका उडीत आठ मीटर अंतर कापणारा नर कोंडून ठेवणे योग्य आहे काय, हा प्रश्न त्या करारापुढे कधी नव्हताच. तो आपला प्रश्न आहे. आपण तो दुसऱ्याच्या यादीवर सोपवला.

उरतो तो सीमाशुल्क कायदा. जिवंत वन्य प्राण्याची आयात परवान्यावाचून करता येत नाही आणि खुद्द ऑस्ट्रेलिया आपले मूळचे सस्तन प्राणी जिवंत स्वरूपात व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा कागदपत्रांविना आलेला कांगारू हा तस्करीचाच माल. पण हे सीमेवर सोपे. प्राणी एकदा देशात आत शिरला की 'हा येथेच जन्मला' एवढे सांगणे मालकाला पुरेसे होते, आणि जेथे नोंदणीच नाही तेथे ते खोडून काढणार कसे?

ऑस्ट्रेलियातील राज्यांतही एकवाक्यता नाही. न्यू साउथ वेल्समध्ये घरी कांगारू पाळता येत नाही, तर व्हिक्टोरियात परवान्यावर मुभा आहे. नेदरलँड्सने जुलै 2024 पासून उलट मार्ग धरला: पाळता येतील अशा 30 सस्तन प्राण्यांची यादी केली आणि बाकीचे निषिद्ध ठरवले. भारताला इतके दूर जाण्याचीही गरज नाही. अनुसूचींत बदल करण्याचा अधिकार कलम 61 अन्वये केंद्र सरकारकडे आहे; त्यासाठी संसदेत विधेयक मांडावे लागत नाही, अधिसूचना पुरते.